थोरल्या मेहुणीसाठी केक

लोण्याचा केक दोन दिवस माझ्या नाकासमोर होता आणि मला त्यातला कणसुद्धा मिळाला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी कोणाबद्दल वाकडं बोललो तर माझं कुठे दुखतंय ते तुमच्या लक्षात येईल.

माझी थोरली मेहुणी बहीगा अलेक्झांड्रियाला असते. ती आणि माझी बायको अफाफ आठ वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या आणि त्याला कारण होता केक. लोक जमिनीवरून भांडतात, सोन्यावरून भांडतात. आमच्या मल्लवी गावात एका कोंबड्यावरून दोन घरं भांडली, तो कोंबडा म्हातारा होऊन मेला, तरी त्यांचं मिटलं नाही. पण केकवरून अबोला धरलेलं आमचं एकच घर.

झालं असं, की बहीगाच्या नातवाचा सातव्या दिवसाचा सोहळा आला तो नाताळाआधीच्या उपासात. आम्हा इजिप्तच्या ख्रिस्ती लोकांच्या उपासाला लोणी चालत नाही, दूध चालत नाही, अंडं चालत नाही. आणि उपास वर्षात इतके, की आमच्यातला एखादा म्हातारा गेला तर त्याचं निम्मं आयुष्य उपासात आणि उरलेलं उपास कधी सुटतो याची वाट बघण्यात गेलेलं असतं. अफाफ मदतीला म्हणून आधीच जाऊन राहिली होती. बहिणीच्याच स्वयंपाकघरात तिने मार्गारीन घालून मोठा केक केला. डब्यावर गुलाबाचं चित्र होतं आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, शुद्ध वनस्पतीचं. सगळ्यांनी खाल्ला, अबूनांनीही, म्हणजे तिथल्या पाद्रीबाबांनीही खाल्ला. मग बहीगा आत गेली आणि तो डबा घेऊन बाहेर आली. तिच्या गळ्यात तेव्हा साखळीला भिंग असायचं. भिंग डब्याच्या बुडाला लावून तिने सगळ्या बायकांसमोर वाचून दाखवलं, की यात दुधाची पूड आहे. आणि म्हणाली, "माझ्या नातवाच्या सोहळ्यात माझ्या सख्ख्या बहिणीने सगळ्यांचा उपास मोडला."

अबूना म्हणाले, नकळत झालं, देव हे धरून बसणार नाही. पण देव वेगळा आणि बहीगा वेगळी. उरलेला केक तिने अफाफच्या हातात दिला. अफाफने तो अलेक्झांड्रियापासून मल्लवीपर्यंत आगगाडीत मांडीवर घेऊन आणला, कुठे खाली ठेवला नाही, आणि घरी आल्यावर गच्चीवरच्या कबुतरांना घातला. ती कबुतरं त्यानंतर कधी उडाली नाहीत असं मी सांगत असतो. अफाफ म्हणते, ती शेजाऱ्यांनी खाल्ली.

तर या जूनमध्ये मला बहीगाचा फोन आला. चर्चची बस मुहर्रक मठाच्या जत्रेला निघणार होती, ती मल्लवीवरून जाणार होती. रविवारी दोन तास उतरेन म्हणते, तुझ्या बायकोला विचार, एवढंच ती बोलली. अफाफ तांदूळ निवडत होती. मी विचारलं. तिने एक खडा काढला, ताटाच्या कडेला ठेवला.

"येऊ दे," म्हणाली. आणि जरा वेळाने, "रविवारी ना? रविवारी लोणी चालतं."

ईस्टरनंतरचे पन्नास दिवस आम्हाला सगळं खायची मुभा असते. तो रविवार त्यातला शेवटचा. सोमवारपासून प्रेषितांचा उपास. म्हणजे बहीगा अगदी मिटत्या दाराच्या फटीतून आत येणार होती.

मी म्हणालो, बाजारातून तयार मिठाई आणू, कशाला घोळ घालतेस. त्यावर अफाफने माझ्याकडे असं पाहिलं की मी तांदळातला खडा झालो. केकवरून तुटलंय ते केकनेच जुळेल, असं तिचं म्हणणं. केक असा झाला पाहिजे की ताईला बोट ठेवायला जागा राहू नये. "या वेळी पुन्हा काही चुकलं तर ती या घरात पाऊल टाकणार नाही आणि मीही बोलवणार नाही. आम्ही दोघी आता काय शंभर वर्षं जगणार आहोत का?"

मी पिशवी उचलली.

म्हशीचं ताजं लोणी खेड्यातून येणाऱ्या बायका सकाळी पुलाजवळ विकतात. जूनचं ऊन आमच्याकडे असं असतं की नाईल नदीसुद्धा सावलीच्या काठाने वाहते. मी लोण्याचा गोळा ओल्या फडक्यात बांधून छातीशी धरून आणला. घरी पोचेपर्यंत त्यातलं बरंचसं माझ्या कोपरावरून ठिबकत होतं आणि मागे दोन कुत्री, एक मांजर आणि एक ओळखीचा न्हावी चालत होते. अफाफने फडकं उघडलं आणि म्हणाली, "अर्धं कुठे सांडलंस, अबू नागी?" नागी आमचा मुलगा, म्हणून मी अबू नागी, नागीचा बाप. तो कुवेतला आहे म्हणून सुखी आहे.

शनिवारी केक झाला. खरं सांगतो, असा केक मी आयुष्यात पाहिला नव्हता. इतका हलका फुगला होता की खिडकीतून उडून समोरच्या मशिदीच्या मिनारावर जाऊन बसेल या भीतीने मी त्याच्यावर जाळी टाकली आणि जाळीवर खलबत्ता ठेवला. घरभर लोण्याचा वास. मी सुरी घेतली. अफाफने ती माझ्या हातातून घेतली.

"ताई आल्यावर."

"उद्या दुपारी येणार ना ती? तोपर्यंत एक पातळसा तुकडा..."

"कापलेला केक पाहुण्यासमोर ठेवू?"

आणि त्याच संध्याकाळी फोन आला, की बस बनी सुएफजवळ बंद पडली आहे. तिचा कसलासा भाग कैरोहून यायचा आहे. रविवारी संध्याकाळी पोचू, नाहीतर सोमवारी.

अफाफ पाटावर बसली. मला वाटलं आता रडेल. ती केकचा विचार करत होती. रविवारी आली तर लोण्याचा. सोमवारी आली तर त्याच लोण्याच्या केकने ती पुन्हा सगळ्यांचा उपास मोडायला बसली असं होणार. म्हणजे दुसरा केक हवा, लोणी नसलेला, अंडं नसलेला, आणि तरीही बोट ठेवायला जागा नसलेला.

समोरच्या गॅलरीतून उम्म हसनैनने हे सगळं ऐकलं होतं. आमच्या दोन गॅलऱ्यांमध्ये एवढंच अंतर की ती कांदा चिरते आणि पाणी आमच्या डोळ्यांना येतं. ती मुसलमान, तिला आमच्या उपासाचं बंधन नाही, फक्त आमच्या उपासाबद्दल मत आहे. तिने सांगितलं, तेल हे वांगी तळायला असतं. केकात तेल घालणारीच्या हाताला देव बरकत देत नाही. "अगं अफाफ, लोण्याचा दे. सोमवार असला म्हणून काय झालं, बहीणच आहे ना, पोलीस आहे का?"

अफाफ म्हणाली, "उम्म हसनैन, तुमच्या रमजानात भर दुपारी मी तुम्हाला लिंबूपाणी आणून देते का?"

"नाही देत. आणि मला दर वर्षी त्याचा राग येतो," उम्म हसनैन म्हणाली आणि कांद्याकडे वळली.

रविवारी सकाळी चर्चमधून आल्याबरोबर मला बखीतच्या दुकानी पाठवण्यात आलं. बखीत आमच्यातलाच, त्याला उपासाचं काय चालतं ते कळायला हवं. त्याने फळीवरून मार्गारीनचा डबा काढला. डब्यावर उंच पांढरी टोपी घातलेली एक बाई हसत होती, जणू तिला कधी केक करायला लागला नव्हता. मी विचारलं, उपासाला चालेल ना नक्की. तो म्हणाला, वनस्पतीचं आहे, आता काय नारळाला आचळ असतात का? पटलं मला. मी तो डबा घेऊन घाम पुसत घरी आलो.

अफाफने डबा खिडकीत उजेडाला धरला. बुडाची बारीक अक्षरं तिने ओठ हलवत वाचली.

"हे गुलाबवालेच आहेत," ती म्हणाली. "गुलाब काढला आणि बाई बसवली. दुधाची पूड तिथेच आहे."

डबा परत करायला मी पुन्हा उन्हात. बखीत चिडला. आठ वर्षांत या डब्याने कोणी मेलं का, असं मला विचारायला लागला. मी म्हणालो, कोणी मेलं असतं तर बरं झालं असतं, अंत्यसंस्काराला तरी दोघी बहिणी एका खोलीत आल्या असत्या. त्यावर त्याने डबा परत घेतला आणि दुकान बंद करून जेवायला गेला.

राहिलं तेल. उपासाचा तेलाचा केक आमच्याकडे प्रत्येक बाई करते आणि प्रत्येक बाई त्याच्याबद्दल माफी मागत तो वाढते. अंड्याऐवजी खायचा सोडा आणि वर सिरका, दुधाऐवजी संत्र्याचा रस. सिरका ओतला की पीठ असं फसफसतं की वाटतं आतून कोणीतरी तक्रार करतंय. फळीवर तेलाची भरलेली बाटली होती. अफाफने तेच घातलं. केक फुगला, वर छान तांबूस रंग आला, आधी संत्र्याचा वास आला. मग त्या वासाच्या खालून हळूच दुसरा वास आला. मी ओळखला आणि स्वयंपाकघरातून बाहेर निघालो.

"अबू नागी, ही बाटली कोणी भरली?"

गुरुवारी मासे तळले होते. उरलेलं तेल गाळून स्वच्छ बाटलीत भरलं तर वाया जात नाही, असा माझा समज. त्या केकात बोईट माशाचा वास इतका पक्का बसला होता की तो भट्टीतून बाहेर काढला तेव्हा मला वाटलं तो शेपटी हलवणार. जिन्यात मांजरं जमली. पुलापासून माझ्या मागे आलेलं मांजर त्यांच्यात पुढे होतं आणि बाकीच्यांना वाट दाखवत होतं.

अफाफने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. ती नुसती टेबलाला टेकून उभी राहिली. म्हणाली, "माझ्या हातून होतच नाही. काहीतरी आडवं येतंच. तेव्हा दूध आलं, आता मासा आला."

मला तिसऱ्यांदा जायला तिने सांगितलं नाही, मी आपणच गेलो. बखीत घरी झोपला होता. त्याला नुसत्या विजारीवर उठवून दुकानापर्यंत आणला. सूर्यफुलाच्या तेलाची सीलबंद बाटली घेतली. तो मला जे जे म्हणाला ते सगळं मी मान खाली घालून ऐकलं, कारण किल्ली त्याच्याकडे होती.

संध्याकाळपर्यंत तिसरा केक झाला. लोण्याच्या केकसारखा हवेत जाणारा नव्हता, बसका, ओलसर, संत्र्याच्या रंगाचा. अफाफने कड मोडून तोंडात टाकली. "तेलाचा आहे हे तिला कळेल. पण बोट ठेवता येणार नाही." आठ वर्षांत तिच्या तोंडून केकबद्दल निघालेलं हे पहिलं बरं वाक्य.

रविवारी बस आली नाही. लोण्याचा केक जाळीखाली बसून होता. मी म्हणालो, मुभा संपायला थोडाच वेळ आहे, देवाने पन्नास दिवस दिलेत, पन्नासाव्याचा मान राखू. अफाफ म्हणाली, अजून येईल. अजून येईल, अजून येईल, असं करता करता सोमवार उजाडला आणि माझ्या डोळ्यांदेखत लोणी वर्ज्य झालं.

सकाळी तिने तो अख्खा केक उम्म हसनैनला गॅलरीतून दिला. उम्म हसनैनने पहिला तुकडा तिथेच उभ्याने, डोळे मिटून खाल्ला. मी खिडकी लावून घेतली.

भर दुपारी दार वाजलं. बहीगा एका यात्रेकरू बाईच्या दंडाला धरून उभी होती. ती बाई तिला खुर्चीपर्यंत सोडून बसकडे परत गेली. मी मनाशी उंच, ताठ, टोचून बोलणारी बहीगा आणून ठेवली होती. समोर बसली होती ती हाताने टेबलाची कड चाचपून पाहत होती. गळ्यात साखळी होती, साखळीला भिंगही होतं. पण तिने अफाफकडे पाहिलं ते अफाफच्या खांद्याकडे पाहिलं.

"डोळ्यांत पडदा आलाय," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतो काढू. मी म्हणते, आधी मठात जाऊन येते, मग बघू काय काढायचं ते."

अफाफ म्हणाली, बरं. बहीगा म्हणाली, घराला रंग दिलेला दिसतो. रंग दिला नव्हता. अफाफ म्हणाली, हो. आमचा पंखा एवढ्या मोठ्याने वाजतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

मग बहीगाने मांडीवरची पिशवी उघडली. अलेक्झांड्रियापासून मांडीवरच असणार ती, कारण फडक्याच्या चारी गाठी जशाच्या तशा होत्या. आत केक होता. एका बाजूला जरा करपलेला, दुसऱ्या बाजूला जरा खचलेला.

"मी केलाय," ती म्हणाली. "आमचा मुक्काम लांबला तरी चालावा म्हणून उपासाचाच केला. हाताने अंदाज घेत केला, दिसत नाही ना नीट. दुकानदाराला तीन वेळा विचारलं, उपासाला चालणारंच मार्गारीन दे म्हणून. चांगलं निघालं, म्हणून तुलाही एक आणलंय." आणि तिने पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला.

डब्यावर उंच पांढऱ्या टोपीतली ती बाई हसत होती.

मी अफाफकडे पाहिलं. तिने डबा पाहिला होता. भांडी घासताना, पीठ मळताना, कपडे वाळत घालताना आठ वर्षं ती बहिणीला ऐकवायचं जे वाक्य घासून घासून लखलखीत करत होती, ते मला पाठ होतं. आता ते बोलायला भिंगसुद्धा लागणार नव्हतं. नुसता डबा उलटा करायचा होता. मी खोकलो. टेबलाखाली अफाफने माझ्या पायावर पाय दाबला.

ती उठली, सुरी आणली. बहीगाचा केक स्वतःकडे ओढला आणि स्वतःचा बहिणीपुढे ठेवला. "तू माझा खा, ताई. मी तुझा खाते. आपापलं केलेलं काय खायचं?"

तिने बहिणीच्या केकचा तुकडा कापला आणि खाल्ला. सावकाश, करपलेल्या कडेसकट. मग म्हणाली, "साखर जरा जास्त झालीय."

बहीगाचा चेहरा सैल झाला. "तुला लहानपणापासून सगळ्यातच साखर जास्त लागते. आई म्हणायची, हिला चहाऐवजी गरम पाणी द्या." तिने अफाफच्या केकचा घास घेतला, चावला. "तेलाचा आहे."

"हो."

"जिभेला कळतं. कोरडा नाही पडला पण. सिरका जरा कमी घाल."

"घालेन," अफाफ म्हणाली. मग दोघी आईबद्दल बोलायला लागल्या. आईनंतर अलेक्झांड्रियातल्या त्या जुन्या शेजारणीबद्दल, मग नातवाबद्दल. तो आता शाळेत जातो म्हणे आणि केक खात नाही. डोळ्यांच्या ऑपरेशनला मी येते, असं अफाफने सांगितलं. बहीगा म्हणाली, ये, पण स्वयंपाकघरात शिरू नकोस. दोघी हसल्या. मी टेबलाच्या कोपऱ्याशी बसून घाम पुसत होतो आणि मला वाटलं, झालं, आता सुटलो.

तेवढ्यात बहीगा म्हणाली, "आणि अबू नागीला दिला की नाही माझा?"

अफाफने एक जाड तुकडा कापून माझ्यापुढे ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. तिचा पाय पुन्हा माझ्या पायावर आला.

मी खाल्ला. मार्गारीन टाळूला असं चिकटलं की रात्रीपर्यंत जिभेने खरवडत होतो. बहीगाने विचारलं कसा झालाय, तर मला नीट तोंडही उघडता येईना. त्याचा तिने चांगला अर्थ घेतला आणि म्हणाली, अजून एक द्या त्यांना. अजून एक दिला. दोन दिवस माझ्या नाकासमोर म्हशीच्या लोण्याचा, मिनारावर जाऊन बसेल असा केक होता, तेव्हा मुभा होती आणि मी उपाशी राहिलो. आता उपास होता आणि मी तो मोडला, तोही करपलेल्या, टाळूला चिकटणाऱ्या केकवर. मोडायचाच होता तर निदान लोण्यावर तरी मोडायचा.

बस आली. तेलाचा उरलेला केक अफाफने बहिणीबरोबर यात्रेकरूंसाठी बांधून दिला. बहीगाचा मात्र तिने एक तुकडाही परत जाऊ दिला नाही. आम्ही ठेवतो तुझी आठवण म्हणून, असं म्हणाली. बसच्या पायरीवर बहीगाने चाचपून तिचा चेहरा धरला आणि दोन्ही गालांची चुंबनं घेतली. तिसरं चुंबन माझ्या कानावर पडलं.

अफाफ त्याच आठवड्यात आमच्या इथल्या अबूनांकडे पापकबुलीला गेली आणि आल्यावर म्हणाली, अबूना म्हणतात, बहिणीसाठी केलंस ते ठीक, पण जाणूनबुजून मोडलास, तेव्हा उपास संपेपर्यंत रोज सकाळी पूर्वेकडे तोंड करून साष्टांग नमस्कार घालायचे. मी म्हणालो, घाल बापडे. ती म्हणाली, तुझंही सांगितलं मी. तू दोन तुकडे खाल्लेस, म्हणून तुला माझ्या दुप्पट.

डबा फळीवर आहे. बहीगाचा दर रविवारी फोन येतो आणि ती विचारते, वापरतेस ना. अफाफ म्हणते, वापरते ना ताई, आणि फोन ठेवल्यावर मला म्हणते, उपास सुटला की रोज वापरणार आहे.

मी सकाळी गॅलरीत सतरंजी घालतो, कारण आत जागा नाही. पहिल्या नमस्काराला गुडघे वाजतात, पुढचे मी गुडघ्यांशी भांडत घालतो. समोरून उम्म हसनैन चहा पीत बघत असते. काल म्हणाली, "तो केक फारच छान झाला होता, अबू नागी. फक्त लोणी जरा कमी पडलं होतं."